एका दाताचा फरक

"ट्रक मागून कण्हतोय," असं बायको दारातूनच म्हणाली, तेव्हा मी आठवी 'ब'च्या गणिताच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. एका मुलीनं टाकी भरायला लागणारा वेळ उणे सहा तास काढला होता. म्हणजे नळ सोडायच्या आधीच टाकी भरून वाहून गेली होती. असं काही वाचलं की माणसाचा स्वतःच्या बुद्धीवरचा विश्वास उगीचच वाढतो. मी चष्मासुद्धा न काढता म्हणालो, "मी बघतो."

काही वाक्यं अशी असतात की ती तोंडून निसटली की सरळ चप्पल घालून बाहेर पडावं आणि आठवडाभर घरी फिरकू नये. मी बसून राहिलो. पुढचे चार महिने मी बघतच होतो.

ट्रक म्हणजे माल वाहणारा तो राक्षस नव्हे. पुढे तिघांना दाटीवाटीनं बसायची जागा, मागे उघडा हौदा आणि वयानं माझ्या नोकरीहून मोठा. सासऱ्यांचा. त्याची खासियत अशी की एक दांडा ओढला की चारही चाकांना ताकद मिळते. हे थाटासाठी नाही. बायकोची रोपवाटिका टेकडीच्या माथ्यावर आहे आणि शेवटचा दीड किलोमीटर चढ असा आहे की तिथं दोन चाकांच्या जोरावर जायचा विचार कुणी करू नये. बकरीसुद्धा चारही पाय वापरते. त्यात त्या वर्षी बायकोला नऊ वर्षांतलं पहिलं मोठं काम मिळालं होतं. एका नव्या रुग्णालयाच्या आवाराला सावलीची एकशे ऐंशी रोपं द्यायची होती, ठरलेल्या तारखेला. रोपं पिशव्यांत वाढत होती, आणि पिशवीतल्या रोपाला जरा थांब म्हणून सांगता येत नाही.

मिस्त्रीनं गाडीखाली सरकून एक लांब स्क्रूड्रायव्हर मागच्या आसाला टेकवला, दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले. हा माझाच जुना विद्यार्थी. गुणोत्तर-प्रमाणाच्या पेपरात मी त्याला शंभरपैकी नऊ गुण दिले होते. तो ते विसरला नव्हता, पण मला बसायला स्टूल मात्र नेहमी स्वतः पुसून द्यायचा.

"मागचं डिफरन्शिअल गेलं, सर," तो बाहेर येऊन म्हणाला. "आणि मागचे ब्रेकही गेल्यात जमा."

"डिफरन्शिअल म्हणजे नक्की…?"

"गाडी वळताना बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, आतल्याला कमी. दोघांचं भांडण होऊ न देता दोघांनाही कामाला लावतो, तो हा मधला गोळा."

आमच्या शाळेत या कामाला उपमुख्याध्यापक असतात. तेही असेच कण्हतात. त्यामुळे मला सगळं लगेच कळलं, असं मला वाटलं.

"नवीन आता बनत नाही. जुन्या भागांच्या बाजारात शोधावं लागेल," मिस्त्री म्हणाला. "एकच गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे एक डिफरन्शिअल आहे, मागे एक आहे. दोघांचं प्रमाण एकच पाहिजे. आतल्या मोठ्या चक्राचे दात भागिले छोट्याचे दात. मागच्याचे दात झडलेत, त्यामुळे पुढचं उघडून मोजतो."

शंभरपैकी नऊवाला मला 'भागिले' सांगत होता. "उघडायची काय गरज?" मी म्हणालो. "चाकाचा एक फेरा झाला की इंजिनाकडून येणारा मधला दांडा किती फेरे घेतो, ते मोजलं की झालं. तेच प्रमाण. ते माझ्यावर सोड."

तो काहीतरी बोलणार होता. पण बोलला नाही. आठवीतली सवय.

आता इथं बॉयलरसाहेबांची ओळख करून द्यायला हवी. हे आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. हयातभर कारखान्यांचे बॉयलर तपासले आणि निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरलं नाही म्हणून आम्हाला तपासतात. दुसरा माझा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ. तो काम सुटल्यापासून आमच्याकडे राहत होता आणि दिवसभर मोबाइलवर परदेशातल्या लोकांनी दुरुस्त केलेल्या गाड्या बघत होता. स्वतःच्या सायकलची साखळी तो खालच्या दुकानातून बसवून आणायचा, ही गोष्ट वेगळी.

रविवारी सकाळी गाड्या लावायच्या जागेत आमची बैठक बसली.

"ड्रम ब्रेक?" बॉयलरसाहेब असे म्हणाले, जणू मी घरात साप पाळला होता. "डबा तो! आत काय चाललंय कुणाला दिसत नाही. डिस्क बसवा. उघडी चकती, उघडा कारभार."

"भाऊजी, डिफरन्शिअलही लॉकवालं घ्या," मेव्हणा म्हणाला. "एक चाक चिखलात फिरत राहिलं तरी दुसरं ओढतं."

"लॉक कशाला? वळणावर टायर घासतील!"

"काका, टेकडीवर जायचंय."

"टेकडीवरही वळणं असतात!"

दोघं भांडत राहिले. मी मध्येमध्ये "तेही खरंच" असं दोघांनाही म्हणत होतो. बायको रोपांना घालायची खताची पोती उतरवत दोनदा आमच्या मधून गेली. दोन्ही वेळा आम्ही तिला वाट करून दिली. पोतं घेतलं नाही, कारण विषय महत्त्वाचा होता. शेवटी तडजोड निघाली: डिफरन्शिअल साधंच, ब्रेक डिस्कचे. तडजोड म्हणजे ज्यात दोघांपैकी एकाची चूक तरी नक्की शिल्लक राहते.

मग मोजणी. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलली, टायरवर खडूनं खुणा केल्या. डाव्या चाकाला मेव्हणा, उजव्याला बॉयलरसाहेब. दोघांनी एकदम एक फेरा फिरवायचा आणि मी गाडीखाली पालथा पडून मधल्या दांड्याचे फेरे मोजायचे. पोटाखाली चटई होती, हातात कंपास होता. मेव्हण्यानं एक पूर्ण फेरा दिला. मी अंशांपर्यंत मोजमाप घेतलं, भागाकार केला आणि उत्तर आलं तीन पूर्णांक त्र्याहत्तर शतांश. ते मी कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पडताळा घेतला आहे' असं खाली लिहिलं आणि सही केली. पडताळा घेतला नव्हता. पण चाळीस मुलांना रोज 'पडताळा घ्या' सांगणाऱ्या माणसाला तो घेतल्यासारखाच वाटत असतो.

जुन्या बाजारात तीन रविवार गेले. तिथं गाड्यांच्या हाडांचे डोंगर होते आणि प्रत्येक डोंगरावर एक माणूस बसून "हेच तुमचं" असं म्हणत होता. तिसऱ्या रविवारी एका दुकानदारानं टोपण काढून दाखवलं. मोठ्या चक्राला एक्केचाळीस दात, छोट्याला अकरा. मी तिथंच भागाकार केला. तीन पूर्णांक त्र्याहत्तर! नोकरीत पहिला पगार हातात पडला होता तेव्हाही माझा आवाज एवढा कापला नव्हता. दुकानदाराला वाटलं मला चक्कर येतेय. त्यानं पाणी दिलं.

मिस्त्रीनं डिफरन्शिअल बघितलं, माझा कागद बघितला, सही बघितली आणि मान खाली घालून कामाला लागला. मेव्हण्यानं कुठूनसे डिस्क ब्रेक मिळवले होते, तेही चढले. आठ दिवसांनी गाडी सपाट रस्त्यावर अशी धावली की तिच्यात कुणी कण्हत होतं यावर विश्वास बसू नये. मी शाळेत दोन जणांना, त्यांनी विचारलं नसतानाही, डिफरन्शिअल समजावून सांगितलं.

पुढचं पाऊल म्हणजे योग्यतेचा दाखला. तपासणी कचेरीत एक लांब शेड, एक उतार आणि तीन खिडक्या होत्या. त्यांतली दुसरी नेहमी बंद असायची, आणि सगळे कागद तिथंच द्यायचे होते. तपासनीस हा वजनदार, झोप न झालेला माणूस. त्यानं मागच्या चाकाआड डोकावून बघितलं आणि त्याला एकदम जाग आली.

"मागे डिस्क?"

"हो. उघडा कारभार," मी म्हणालो.

"नोंदीत ड्रम आहेत. बदल केला तर ज्या कंपनीनं गाडी बनवली तिचं संमतिपत्र लागतं."

"ती कंपनी बंद होऊन वीस वर्षं झाली."

"मग बंद झाल्याचं पत्र आणा."

"कुणाकडून?"

"कंपनीकडून."

मी त्याच्याकडे बघितलं. तो थट्टा करत नव्हता. तोही बहुधा माझ्यासारखाच स्वतःच्या नोकरीकडे बघून थकला होता. "ते राहू दे," तो म्हणाला. "उतारावर घ्या. हँडब्रेक ओढा आणि पायाखालचा ब्रेक सोडा."

बायको चालवत होती, मी शेजारी. तिनं हँडब्रेक ओढला, पाय काढला. ट्रक क्षणभर विचार करत थांबला आणि मग अतिशय सावकाश, एखादा पाहुणा निरोप घेऊन मागे सरतो तसा, मागे निघाला. 'कृपया रांगेत उभे राहा' या पाटीला त्यानं आडवं केलं. रांगेतले लोक आधीच पांगले होते. मेव्हण्यानं आणलेल्या डिस्कना हँडब्रेकची तार लागतच नव्हती. मिस्त्रीनं ती कशीबशी बांधली होती, तीही "तात्पुरतं आहे हं, सर" असं मला दोनदा बजावून. मी ते घरी सांगायला विसरलो होतो.

बायकोनं गाडी उतारावरून खाली घेतली, खाली उतरून पाटी उभी केली आणि पुसली. माझ्याशी ती संध्याकाळपर्यंत बोलली नाही. तपासनिसाला मात्र म्हणाली, "माफ करा हं." मला तेच जास्त लागलं.

म्हणजे परत ड्रम. मिस्त्रीकडे गेलो तेव्हा तो डोकं खाजवत म्हणाला, "सर, ड्रम मुळात चांगलेच होते. डिफरन्शिअलचं सील गळून तेल आत झिरपत होतं. तेलानं भिजलेले ब्रेक कसे धरणार? सील बदललं, आतले लायनर बदलले की झालं. पण तुम्ही सगळे डिस्क म्हणालात…"

"जुने ड्रम आहेत ना तुझ्याकडे?"

"तुम्हीच घरी नेले होते ना."

ते मी नेले होते खरे. भंगारवाल्याला द्यायला म्हणून गॅलरीत ठेवले आणि विसरलो. आता त्यांत मोठ्या पानांची दोन झाडं डुलत होती. "छान जड आहेत, वाऱ्यानं पडत नाहीत," बायको म्हणाली. "आणि मधोमध भोक असल्यामुळे पाणी साचत नाही." मी गुडघ्यांवर बसून झाडं दुसऱ्या कुंड्यांत लावली. मुळं आतल्या बाजूनं धातूला अशी चिकटली होती की एका ब्रेकनं तरी या घरात काहीतरी घट्ट धरलं होतं. बॉयलरसाहेब वर आले, बघितलं आणि म्हणाले, "मी तेव्हाच म्हणत होतो, मूळ वस्तू बदलू नये." मी हातातली खुरपी खाली ठेवली. शहाण्या माणसानं अशा वेळी हातात खुरपी ठेवू नये.

दुसऱ्या तपासणीत गाडी पास झाली. उतारावर ती अशी उभी राहिली की तपासनिसानं स्वतः ढकलून बघितलं. दाखला मिळाला. रोपं पोचवायला दोन दिवस उरले होते.

सकाळी बायको, मी आणि मेव्हणा टेकडीकडे निघालो. पायथ्याचा पहिला तुकडा सिमेंटचा आहे, अरुंद, एका बाजूला भिंत, एका बाजूला नाला. बायकोनं गाडी थांबवली, चार चाकांचा दांडा ओढला आणि निघाली. पन्नास पावलांत गाडी जड झाली. शंभर पावलांत ती घोड्यासारखी उड्या मारायला लागली. मग खालून खाड्कन असा आवाज आला की माझे दोन्ही पाय आपोआप वर उचलले गेले, आणि इंजिन बंद पडलं.

बायकोनं दांडा परत ढकलून बघितला. हलेना. दोन्ही हातांनी ढकलला. मीही ढकलला. गाडी पुढे जाईना, मागेही येईना. मागे दुधाची गाडी आणि दोन मोटारसायकली येऊन थांबल्या. भिंतीवर लोक जमले. "फोर-व्हील आहे ना? मग चारही लावा की!" एकानं सुचवलं. मी चाकांमागे दगड लावले आणि गाडीत येऊन बसलो, कारण बाहेर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचा होता आणि त्याचं उत्तर मला येत नव्हतं. निदान ब्रेक धरून होते.

मिस्त्री तासाभरानं आला. खाली वाकला, वर बघितलं, परत वाकला. मग त्यानं पुढच्या एका चाकाखाली जॅक लावला. चाक जमिनीवरून सुटलं मात्र, आणि कुणी हात न लावता गर्रकन फिरलं, पीळ दिलेली दोरी सुटावी तसं. भिंतीवरचे लोक मागे सरकले. दांडा आता एका बोटानं हलला.

"सर," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पुढचं आणि मागचं प्रमाण एक नाहीये. पुढची चाकं एका वेगानं ओढतायत, मागची दुसऱ्या, मधे पीळ भरला."

"मी स्वतः मोजलंय!"

"हो. म्हणूनच." त्यानं हात पुसले. "जुन्याचे झडलेले धरून दात मी मोजले होते. एक्केचाळीसला दहा. तुम्ही आणलं एक्केचाळीसला अकरा. वाटलं विचारावं. मग म्हटलं, पुढचं कुणीतरी आधी बदललं असेल, सरांनी मोजून सही केलीये. तुमचं गणित मी कसं तपासणार?"

गुणोत्तर-प्रमाण शिकवायला मी घेतलेली सव्वीस वर्षं त्या सिमेंटवर आडवी पडली होती. तेवढ्यात, सकाळच्या फेरीत गर्दी बघून चालत आलेले बॉयलरसाहेब पुढे झाले. सगळं ऐकून त्यांचा चेहरा पहिल्यांदाच बारीक झाला.

"त्या दिवशी," ते म्हणाले, "चाक फिरवता फिरवता मी तुम्हाला डिस्कचे फायदे सांगत होतो. बोलण्याच्या भरात माझं चाक थोडं मागे राहिलं असेल. फार नाही. खडूची खूण वर यायची ती बाजूला होती."

"मग सांगायचं ना!"

"तुम्ही कंपास घेऊन आत होतात. मला वाटलं तुम्ही ते धरून मोजत असाल."

एक चाक अकरातल्या दोन हिश्श्यांनी मागे, म्हणून सरासरी अकराव्या हिश्श्यानं कमी, म्हणून चार पूर्णांक एक दशांशचे झाले तीन पूर्णांक त्र्याहत्तर. हे मी तिथल्या तिथं तोंडी केलं आणि या वेळी बरोबर आलं.

बायकोनं ड्रायव्हरच्या डोक्यावरची ऊन अडवायची फळी खाली ओढली. मागच्या बाजूला सासऱ्यांच्या हातानं पांढऱ्या रंगात लिहिलं होतं: पुढे ४१/१०, मागे ४१/१०.

"हे… हे तुला माहीत होतं?"

"रोज ऊन डोळ्यांवर आलं की दिसतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही तिघं तीन महिने याच गाडीखाली झोपत होता. मला वाटलं, एवढं तर बघितलंच असेल. आणि मला विचारलं कुणी? गाडी कोण चालवतं, ते तरी?"

मेव्हणा हळूच म्हणाला, "ते मी बघितलं होतं, ताई. मला वाटलं कुणाच्या तरी घराचा नंबर आहे."

दुधाच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला.

गाडी खाली उतरवून ठेवली. दोन चाकांवर ती शहरात पळू शकत होती, चढू मात्र शकत नव्हती. आणि एकशे ऐंशी रोपं वर होती. मग जे व्हायचं तेच झालं. मी, मेव्हणा, मिस्त्री आणि बॉयलरसाहेब, असे चौघं त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दीड किलोमीटर वर आणि दीड किलोमीटर खाली करत होतो. बायको वरून एकेकाच्या हातात चार-चार पिशव्या देत होती आणि वहीत खुणा करत होती. रोप छातीशी धरलं की त्याची पानं नाकात जातात, हे मला सव्वीस वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलं नव्हतं. बॉयलरसाहेब तिसऱ्या खेपेपासून एक शब्द बोलले नाहीत. दहाव्या खेपेला मिस्त्री मला म्हणाला, "सर, द्या एक माझ्याकडे," आणि माझ्या उत्तराची वाट न बघता एक पिशवी काढून घेतली. वेळेवर रोपं पोचली. दोन मोडली. एक माझ्या हातून, आणि दुसरं कुणाच्या हातून ते सांगायची माझी इच्छा नाही, कारण तेही माझंच.

एक्केचाळीसला दहावालं डिफरन्शिअल महिन्याभरानं मिळालं. ते शोधायला बायको आणि मिस्त्री गेले. मला न्यायची गरज आहे असं दोघांनाही वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही.

परवा सकाळी पहिल्यांदा ट्रक वरपर्यंत गेला. सिमेंटचा तुकडा गेला, मातीचा गेला, खडकाळ वळण गेलं. कुठं आवाज नाही, उडी नाही. माथ्याच्या जरा खाली, ऐन चढावर, बायकोनं गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला आणि थर्मासमधून चहा ओतला. मी खाली उतरलो. मागच्या चाकांशी वाकून बघितलं, तेल गळतंय का ते बघितलं, एक दगड उचलला, कुठल्या चाकामागे लावावा ते ठरेना म्हणून परत ठेवला, पुढच्या बाजूला गेलो.

"काय करताय?" तिनं खिडकीतून विचारलं.

"बघतोय…"

"काही बघू नका. थांबलीये ती. या, बसा. चहा गार होतोय."

मी जाऊन बसलो. खाली सगळा उतार दिसत होता, आणि आम्ही त्यावरून घसरत नव्हतो. चार महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी मला काहीही न करायला सांगितलं होतं, आणि तेवढं काम मात्र मी, चहा संपेपर्यंत, बिनचूक केलं.